72 लाख नळे

मे महिन्यात आमच्या उच्च माध्यमिकच्या जुन्या इमारतीवर नळे परतायचं काम चाललं होतं. गोव्यात कौलांना आम्ही नळे म्हणतो. पाऊस यायच्या आधी फुटके काढायचे, सरकलेले बसवायचे, शेवाळ खरवडायचं. खाली कॉम्प्युटर लॅबमध्ये मी एकटीच पायथन भाषेत प्रोग्राम लिहीत बसले होते. शिपाईकाका चहा घेऊन आले आणि स्क्रीनवरची चौकोनांची जाळी बघून थबकले.

"टीचर, हें किदें?"

म्हटलं, काका, गोव्याचा नकाशा आहे. त्याचे चौकोनी तुकडे करायचेत, त्यांना टाइल म्हणतात. 72 लाख टाइल्स लागतील.

काकांनी वर छपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इतले नळे खंयच्या घराक?"

घर असं काही नव्हतं. अकरावीची मुलं सत्तरी तालुक्यात झरी, विहिरी आणि देवराया नोंदवायला जाणार होती. चोर्ला घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत मोबाईलला रेंज मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून नकाशा टॅबमध्ये आधीच भरून न्यायचा होता. आणि तो देवनागरीत हवा, हा माझा हट्ट. पोर्तुगीज वळणाच्या रोमन स्पेलिंगांनी आमच्या गावांचं काय करून ठेवलंय ते बाहेरून आलेल्या माणसाला विचारावं. साखळीचं सँक्वेलिम, केप्याचं क्वेपेम, चोडणचं चोराव, काणकोणचं कॅनाकोना. नावांची यादी मुलांनीच केली. त्यात 'पेडणे' लिहायचं की कोंकणीप्रमाणे 'पेडणें', यावर स्टाफरूममध्ये दोन दिवस चहा थंड होत राहिला. शेवटी अनुस्वार ठेवला नाही. ज्यांचं ऐकलं नाही ते अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

जाणकार लगेच विचारतील, आजच्या काळात चित्रांच्या टाइल्स कशाला, वेक्टर टाइल्स का नाही? म्हणजे टॅबमध्ये नुसती माहिती भरायची आणि चित्र टॅबनेच काढायचं. मी आधी तेच केलं होतं. पण टॅबवर नकाशा रंगवणारी जी लायब्ररी होती ती अक्षरं एकेक सुटी उचलून शेजारी शेजारी मांडते. रोमनला ते चालतं. देवनागरीत मात्र वेलांटी भलत्याच जागी जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. 'डिचोली' वाचता येईना तेव्हा ठरवलं, अक्षरं इथेच नीट घडवून त्यांचं चित्रच टॅबमध्ये टाकायचं. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला जगाचा नकाशा. त्यांच्या सर्व्हरवरून तयार टाइल्स घाऊक उतरवून घ्यायला त्यांच्या नियमांत मनाई आहे, आणि त्या देवनागरीत असत्या तरी ती योग्यच आहे. माहिती मात्र ते मोकळ्या हाताने देतात, श्रेय लिहायच्या अटीवर. तेव्हा माहिती त्यांची आणि रंगकाम आपलं.

माहिती घेतानाच पहिली ठेच लागली. भारताच्या फायली विभागवार मिळतात आणि गोवा पश्चिम विभागात येतो. ती फाईल पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरली, मॅपनिक या नकाशा रंगवणाऱ्या प्रोग्रामने एक चाचणी चित्र काढलं, तर अनमोडचा रस्ता राज्याच्या हद्दीवर चाकूने कापल्यासारखा संपला होता. पुढे सगळं कोरं. कर्नाटक दक्षिण विभागात. दोन्ही फायली जोडून गोव्याभोवतीचा चौकोन कापून घेतला तेव्हा घाट पलीकडे पोचले.

आता 72 लाखांचा हिशेब. झूम शून्यला अख्खं जग एका टाइलमध्ये मावतं, 256 गुणिले 256 पिक्सेल. पुढच्या प्रत्येक पातळीला एका टाइलच्या चार होतात. झूम 10 ला गोवा डझनभर टाइल्समध्ये बसतो. झूम 18 ला 3 लाख 39 हजार लागतात, 19 ला साडेतेरा लाख, 20 ला 54 लाख. शेवटची पातळी एकटीच एकूण कामाच्या तीन चतुर्थांश खाते. एकोणिसावर थांबता आलं असतं. पण कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, दोन विहिरी वेगवेगळ्या दिसाव्यात, मुलांचं बोट नेमकं टेकावं, म्हणून वीस. झूम 20 ला आपल्या अक्षांशावर एक पिक्सेल साधारण साडेचौदा सेंटिमीटरचा पडतो. इतकं बारीक नको होतं हे आज कबूल करते.

पहिला प्रोग्राम सरळसोट होता. एक टाइल घ्या, डेटाबेसला विचारा, रंगवा, फाईल लिहा, पुढची घ्या. फोंडा शहराच्या हजार टाइल्सना 170 सेकंद लागली. गुणाकार केला तर चौदा दिवस, रात्रंदिवस, एकदाही वीज न जाता. मे महिन्यात.

शिवाय नावं कापली जात होती. एका टाइलवर 'कुठ्ठाळी'चं नुसतं 'कुठ्', शेजारच्या टाइलवर काहीच नाही. मॅपनिक नाव कुठे बसवायचं ते त्या त्या चित्रापुरतं ठरवतो, शेजारी काय ठरलंय ते त्याला ठाऊक नसतं. उपाय असा की रंगवताना चौकटीबाहेरचाही थोडा भाग विचारात घ्यायचा. याला बफर म्हणतात. खिडकीतून बघितलं तर वर गडी नेमकं हेच करत होते. नळा नळ्याला नुसता टेकवत नाहीत, एकाची कड दुसऱ्यावर चढवतात, तेव्हाच पाणी आत येत नाही.

फक्त ही चढती कड महाग पडते. 256 च्या टाइलला चारही बाजूंनी 256 चा बफर दिला की मॅपनिकला 768 गुणिले 768 एवढ्या भागाची माहिती उपसावी लागते, म्हणजे नऊपट. म्हणून एकेक टाइल न रंगवता आठ गुणिले आठ अशा 64 टाइल्सचं एक मोठं चित्र रंगवायचं आणि मग कापायचं. हा मेटाटाइल. त्याची बाजू 2048, बफर धरून 2560, म्हणजे ओझं दीडपटीच्या आसपास. कुठे नऊपट आणि कुठे दीडपट! एवढ्या एका बदलाने चौदा दिवसांचे चार झाले, आणि तोवर मी दुसऱ्या मशीनला हातही लावला नव्हता. 72 लाख टाइल्सचे आता सुमारे 1 लाख 13 हजार मेटाटाइल झाले. हा आकडा डोक्यात मावत होता.

मग थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या आत समांतर चालणारी कामं. चार कोअरचं, म्हणजे एका वेळी चार कामं करू शकणारं मशीन, म्हणून चार थ्रेड उघडले आणि चौपट वेगाची वाट बघत बसले. मिळाला दीडपट. नेहमीच्या पायथनमध्ये थ्रेड कितीही उघडा, पायथनचा स्वतःचा कोड एका वेळी एकच थ्रेड चालवू शकतो. बाकीचे किल्ली मिळायची वाट बघतात. मॅपनिकचं रंगकाम सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेत असतं, त्याला ही किल्ली लागत नाही, ते ठीक. पण कापणं, तपासणं, फाईल लिहिणं हे सगळं मी पायथनमध्येच लिहिलं होतं, आणि तिथे चारही जण एका किल्लीसाठी दारात उभे. थ्रेड सोडून वेगवेगळ्या प्रोसेस, म्हणजे सुटे चालणारे प्रोग्राम, केल्या. प्रत्येकीचा स्वतंत्र मॅपनिक नकाशा, स्वतंत्र फॉन्ट. मेमरी जास्त लागते, पण कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. चार प्रोसेसवर डेटाबेस गुदमरू लागला म्हणून तीनच ठेवल्या, चौथा कोअर पोस्टग्रेसला सोडला. तीन प्रोसेसचा वेग चारपेक्षा जास्त भरला.

लॅबमध्ये अशी सहा मशीन्स होती, सुट्टीत सगळी झोपलेली. काकांनी किल्ल्या दिल्या, मी जोडणी केली. डेटाबेस माझ्या लॅपटॉपवर आणि सहाही मशीन्स त्यालाच विचारणार. सुरू केल्यावर मिनिटभरात पोस्टग्रेसचा निरोप आला: 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी'. शब्द अगदी असेच आहेत. रविवारी दुपारी मडगावच्या एखाद्या खाणावळीत मासळीच्या थाळीसाठी गेल्यावर मालक दारातूनच हात जोडतो, तसे. पोस्टग्रेस मुळात शंभर जोडण्या देतो. माझ्या अठरा प्रोसेस प्रत्येकी दहापर्यंत मागत होत्या. मर्यादा वाढवली, निरोप बंद झाला, आणि मग खरं दुखणं दिसलं. सहा मशीन्स निवांत आणि माझा लॅपटॉप तापून पंख्याचा आवाज वर छपरापर्यंत. रंगवणारे अठरा, रंग कालवणारा एक. गोव्यापुरता डेटाबेस पेनड्राइव्हवर मावत होता, तेव्हा प्रत्येक मशीनवर त्याची प्रतच बसवली. लॅपटॉपकडे फक्त कामाच्या वाटणीचं खातं राहिलं.

ही वाटणी मी पहिल्यांदा जशी केली ती सांगायला लाज वाटते. गोव्याचे पश्चिमेकडून पूर्वेकडे सहा उभे पट्टे केले, एका मशीनला एक. कागदावर सुरेख दिसत होतं. पहिल्या पट्ट्यात समुद्रच समुद्र, वर हरमल-कळंगुटची किनार. ते मशीन पन्नास मिनिटांत मोकळं झालं. दुसऱ्या पट्ट्यात म्हापसा, पणजी आणि वास्को. ही तिन्ही शहरं जवळजवळ एका रेखांशावर आहेत हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं, आणि गोव्यात जन्म गेलाय. ते मशीन दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत घरघरत होतं. बाजूची आळस देत बसलेली.

काका म्हणाले, "टीचर, समाराधनेक असं वाढतात काय?" आणि मग मराठीत नीट समजावलं. ते देवळात वाढायला असतात. एकेका पंगतीला एकेक वाढपी नेमला की ज्याच्या पंगतीत जेवणारे दांडगे त्याचा जीव जातो आणि दुसरा हात पुसत उभा राहतो. म्हणून पंगती वाटून देत नाहीत. ज्याचं भांडं रिकामं होईल त्याने आत जायचं, भरून आणायचं आणि जिथपर्यंत वाढून झालंय तिथून पुढे सुरू करायचं.

कॉम्प्युटरवाल्यांकडे याला कामाची रांग म्हणतात. लॅपटॉपवरच्या पोस्टग्रेसमध्ये एक तक्ता केला, त्यात सगळे मेटाटाइल. प्रत्येक प्रोसेस येते, न घेतलेलं पुढचं काम उचलते, नाव लावते, करते, परत येते. दोघांनी एकाच वेळी हात घातला तर? पोस्टग्रेसमध्ये 9.5 या आवृत्तीपासून सोय आहे, 'स्किप लॉक्ड': दुसऱ्याने धरलेली ओळ ओलांडून पुढची घ्यायची, थांबायचं नाही. ही एक ओळ नसती तर ते कुलूपकिल्लीचं सगळं मला हाताने लिहावं लागलं असतं, आणि मी ते चुकीचं लिहिलं असतं. रांगेत जड कामं आधी लावली, शहरं पुढे आणि समुद्र शेवटी. नाहीतर सगळे उठले तरी पणजीचा एक मेटाटाइल घेऊन कोणीतरी एकटं बसून राहतं.

आता वेळ समान भरू लागली, पण एक गोष्ट खटकत होती. कोणत्या मेटाटाइलला किती वेळ लागला हे मी नोंदवत होते. समुद्र एका सेकंदाच्या आत, हे अपेक्षित. पणजी चार सेकंद, हेही. पण मोलेंचं जंगल आणि दूधसागरची बाजू सात-आठ सेकंद! तिथे काय आहे? झाडं. नकाशावर हिरवा रंग आणि एक रेल्वे. शहराहून दुप्पट वेळ कशाला?

अर्धा दिवस यात गेला, पण या सबंध कामातला मला सर्वांत आवडलेला अर्धा दिवस तो. जंगल किंवा अभयारण्य नकाशात एकच अवाढव्य बहुभुज असतं. त्याच्या हद्दीवर हजारो बिंदू. झूम 20 चा मेटाटाइल जमिनीवर जेमतेम तीनशे मीटर रुंद, जंगलाच्या पोटात कुठेतरी. त्याला रंगवायचंय फक्त हिरवं. पण 'माझ्या चौकटीत काय येतं' असं विचारलं की डेटाबेस सबंध जंगल उचलून हातात देतो, हजारो बिंदूंसकट, आणि मॅपनिक ते छाटत बसतो. पुढच्या मेटाटाइलला पुन्हा सबंध जंगल. एक पानाचा विडा हवा म्हणून दरवेळी पानवेल उपटून आणायची, असा प्रकार.

पोस्टजीआयएस या पोस्टग्रेसच्या नकाशांसाठीच्या जोडीत 'एसटी सबडिव्हाइड' म्हणून फंक्शन आहे, ते मोठ्या बहुभुजाचे लहान तुकडे करून देतं. एकदाच केलं आणि जंगल सेकंदावर आलं. पुन्हा ठेच लागलीच. माझ्या शैलीत, म्हणजे काय कसं रंगवायचं त्या नियमांत, जंगलाला गडद बाह्यरेषा होती, ती आता प्रत्येक तुकड्याभोवती उमटली आणि मोलेंचं अरण्य भाताच्या खाचरांसारखं दिसू लागलं. रंग तुकड्यांमधून आणि रेषा मूळ बहुभुजातून, असे दोन थर केले.

शुक्रवारी संध्याकाळी सगळं सोडून घरी गेले. रात्री वळिवाचा पाऊस झाला, गडगडाट, आणि वीज गेली. लॅबच्या यूपीएसच्या बॅटऱ्या नावाला होत्या. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तगून राहिला, म्हणून रांग शाबूत. सकाळी काकांनी सहाही मशीन्स चालू केली, प्रोसेस आपोआप कामाला लागल्या. मी खूश. मेलेल्या प्रोसेसने धरलेलं काम अडकून राहू नये म्हणून प्रत्येक कामाला दहा मिनिटांची मुदत ठेवली होती, मुदत टळली की ते दुसऱ्याने उचलायचं. हे मी आधीच सुचून केलं होतं, त्याचा अभिमानही होता.

दुपारी नोंदी बघितल्या तर एकेक मेटाटाइल तीन-तीनदा रंगवला जात होता. दोन मशीन्सच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी कधीची मेलेली. वीज गेली की त्यांचं घड्याळ मागे जायचं, आणि लॅबला इंटरनेट नसल्याने ते परत लावणारं कोणी नाही. ती दोघं जागी झाली ती 1 जानेवारी 2015 ला. काम धरताना मुदत लिहायची तीही आपल्या घड्याळाने. इतरांच्या लेखी ती मुदत कित्येक वर्षांपूर्वी टळलेली, मग ते तेच काम उचलायचे. मुदत आता फक्त लॅपटॉपवरच्या पोस्टग्रेसच्या घड्याळाने लिहायची असं केलं. बाकी मशीन्सना किती वाजले हे कोणी विचारायचंच नाही. वीज गेली त्या क्षणी लिहिल्या जाणाऱ्या काही फायली अर्धवट राहिल्या होत्या. त्यावर उपाय जुनाच आहे: तात्पुरत्या नावाने लिहायचं, पूर्ण झाली की खरं नाव द्यायचं.

त्यानंतरची रात्र शांत गेली. सकाळी नकाशा उघडला आणि हसू आवरेना. पाच मशीन्सची टाइल्स एका वळणाची आणि सहाव्याची दुसऱ्याच. तिथे 'डिचोली'ची वेलांटी 'च'च्या डोक्यावर बसलेली. ज्या दुखण्यासाठी वेक्टर सोडलं तेच मागच्या दाराने आत आलं होतं. सहावं मशीन सगळ्यांत जुनं, त्यावरचं लिनक्स जुनं, आणि त्यातला मॅपनिक आवृत्ती 3 च्या आधीचा. देवनागरी नीट जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी मॅपनिकमध्ये 3 पासून आली. पट्टे ठेवले असते तर निदान एकच पट्टा बिघडला असता. रांगेमुळे त्याचं काम पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडे शिंपडलं गेलं होतं, गोधडीला भलत्याच कापडाची ठिगळं लावावीत तसं. कोणतं काम कोणी केलं हे तक्त्यात लिहिलेलं होतं म्हणून वाचले. सहाव्याची सगळी कामं 'बाकी'वर टाकली, त्यावर नवीन लिनक्स चढवलं आणि सहाही मशीन्सवर फॉन्टची एकच फाईल ठेवली.

सत्तर लाखांच्या जवळ आल्यावर आणखी एक. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. टाइल्स सगळ्या एका 120 जीबीच्या एसएसडीवर जमा होत होत्या. बघते तर अर्ध्याहून जास्त जागा रिकामी! काका बाजूला उभे. म्हटलं, काका, डबा अर्धा रिकामा आहे आणि हा म्हणतो भरला. ते म्हणाले, झाकण बसत नसेल. जवळपास तसंच निघालं. ईएक्सटी फोर पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाईलला एक नोंद लागते, तिला आयनोड म्हणतात. डिस्क तयार करतानाच त्यांची संख्या ठरते, साधारणपणे दर 16 केबीला एक. 120 जीबीला 73 लाख. त्यातल्या दोनतीन लाख सिस्टिमनेच घेतलेल्या. जागा होती, पण नोंदवही संपली होती.

इतक्या सुट्या फायली ठेवणं हेच चुकलं होतं. एमबीटाइल्स म्हणजे एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एकच फाईल, तिच्या पोटात सगळ्या टाइल्स. पण एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो आणि नेटवर्कवरून अनेकांनी एकाच फाईलमध्ये लिहायला जाणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. म्हणून प्रत्येक मशीनची आपली फाईल, शेवटी सहा फायलींची एक. सारखं चित्र एकदाच साठवायचं, बाकी ठिकाणी फक्त उल्लेख. चौकोनाचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग अरबी समुद्र, तो सगळा शंभरेक बाइटच्या एका निळ्या टाइलमध्ये आटोपला.

जोडलेली फाईल टॅबमध्ये टाकली तर गोवा गायब. एमबीटाइल्समध्ये रांगा खालून वर मोजतात, मी वरून खाली मोजल्या होत्या. शोधल्यावर गोवा सापडला विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात, काणकोण वर आणि पेडणे खाली. पाच मिनिटांत दुरुस्त झालं, पण स्टाफरूमला आठवडाभर पुरलं. मग भूगोलाच्या सरांनी शांतपणे विचारलं, यात अंजदीव कुठाय? कारवारजवळचं ते बेट गोव्याचं आहे, काणकोण तालुक्यात मोडतं, आणि मी चौकोन आखला होता पोळेच्या हद्दीपर्यंत. त्याच्यासाठी वेगळा छोटा चौकोन रांगेत घातला.

शेवटची फेरी सुरुवातीपासून चालवली. सहा मशीन्स, अठरा प्रोसेस, सात तास. पाऊस आला तेव्हा वर नळे बसलेले होते.

टॅब पहिला काकांच्या हातात दिला. त्यांनी दोन बोटांनी नकाशा फाकवत वाळपई गाठली, तिथून आपला वाडा, तिथून घर. मग बराच वेळ बोट फिरवत राहिले. "हांगा बांय आसा आमची. ती ना."

विहीर ओपनस्ट्रीटमॅपमध्येच नव्हती. रात्री घरच्या इंटरनेटवरून ती मी घातली. विहिरीचं चिन्ह माझ्या नकाशात झूम 17 पासून दिसतं, म्हणजे चार पातळ्या, चार मेटाटाइल. विसाव्या पातळीला चिन्ह नेमकं कडेवर आलं, म्हणून शेजारचा एक. पाच मेटाटाइल, लॅपटॉपवर एक प्रोसेस, अकरा सेकंद. सकाळी काकांना दाखवली.

त्यांनी बघितली, मान हलवली. "पूण टीचर, मे म्हयन्यांत हिचें उदक आटता. तें खंय दिसता?"

हंगामी पाण्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वेगळा टॅग आहे, शैलीत मी तो धरला नव्हता. धरायचा तर गोव्यातल्या सगळ्या विहिरी आणि झरी पुन्हा, चारही पातळ्यांवर. काकांना म्हटलं, लॅबच्या किल्ल्या इथेच ठेवा.